उस्ताद काही सांगतच नाहीत!
वाचकांचे प्रश्न, एका जुन्या टर्नरची उत्तरं

कोणाच्या तरी हाताखाली काम शिकताना काय अडतं ते लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. लोखंडाबद्दलची कमी, माणसांबद्दलची जास्त. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे उदाहरणं लेथची आणि कानशीचीच येणार. शिवण किंवा सुतारकाम शिकणाऱ्यांनी आपापल्या हत्याराचं नाव घालून वाचावं.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे. एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागलोय. शॉपमध्ये सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी) मशीन आहेत, पण उस्तादांनी मला कोपऱ्यातल्या व्हाइसवर (जबड्यात तुकडा धरणाऱ्या पकडीवर) उभं केलंय. लोखंडाचा ठोकळा दिलाय, तो कानशीने सपाट आणि काटकोनात आणायचा. नेऊन दाखवला की ते गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावतात, उजेडाकडे धरतात आणि ‘पुन्हा’ म्हणतात. काय चुकलं ते सांगत नाहीत. घासून घासून ठोकळा निम्मा झाला. माझा वेळ वाया जातोय का?

उत्तर : वयात एवढं अंतर आहे की तुला ‘तू’च म्हणतो.

ठोकळा निम्मा झाला, तर होऊ दे. तो कुठल्याही मशीनला बसायचा नाहीये, झिजणं हेच त्याचं काम. पण ‘सांगत नाहीत’ असं तू लिहितोस आणि त्याच्याच आधीच्या ओळीत ते काय सांगतात तेही लिहितोस. ते गुण्या लावून उजेडाकडे धरतात ना? त्यांच्या खांद्यामागून तूही बघ. पात्याखालून उजेड दोन्ही कडांना दिसतोय आणि मध्ये दिसत नाहीये, तर ठोकळ्याला पोट आलंय. नवशिक्याला पोटच येतं.

ते का येतं? कानस पुढे ढकलायला सुरुवात करतोस तेव्हा तिचं टोक ठोकळ्यावर असतं आणि मुठीकडचा लांब भाग तुझ्या बाजूला अधांतरी. ढकलून झालं की उलट होतं, टोक पलीकडे बाहेर लोंबतं. दोन्ही हातांचा दाब सगळा वेळ सारखाच ठेवलास तर कानस आधी तुझ्याकडे झुकते, मग पलीकडे. अलीकडची कड खाल्ली जाते, पलीकडची खाल्ली जाते, मधलं तसंच राहतं. म्हणून सुरुवातीला जोर टोकावरच्या डाव्या हाताचा, मध्यावर दोन्हींचा सारखा आणि शेवटी मुठीवरच्या उजव्याचा. डावखुरा असशील तर उलटं धर. परत येताना दाब सोडायचा, कारण कानशीचे दात पुढे जातानाच कापतात. व्हाइसच्या जबड्याची उंची तुझ्या कोपराएवढी आहे का तेही बघ. ती कमी असेल तर पाठ वाकते, आणि पाठ वाकली की कानस सरळ जात नाही. दातांत कीस अडकून पृष्ठभागावर खोल ओरखडे उठत असतील तर कानस ब्रशने साफ कर आणि तिला खडू चोळ.

हे सगळं मी लिहिलं, तू वाचलंस, तरी उद्या पोट येणारच. दाब कुठल्या क्षणी एका हातातून दुसऱ्या हातात जातो ते मनगटाला कळावं लागतं, आणि त्याला ठोकळे लागतात. तुझ्या उस्तादांना हे माहीत आहे म्हणून ते बोलत नसावेत. की मुळातच कमी बोलणारे असतील. तशीही माणसं असतात.

आता एक बदल करून बघ. ठोकळा नुसता नेऊन समोर धरू नकोस. आधी स्वतः गुण्या लाव. सरफेस प्लेटवर (तपासणीसाठीच्या अगदी सपाट प्लेटवर) निळ्या रंगाचा अगदी पातळ थर दे, त्यावर ठोकळा अलगद फिरव आणि उचलून बघ. निळा लागलेला भाग उंच. तिथे खडूने खूण कर आणि मग जाऊन सांग, ‘उस्ताद, इथे आणि इथे उंच आहे, या कोपऱ्यात उतार आलाय, उजव्या हाताचा जोर लवकर येतोय असं वाटतंय.’ मग काय उत्तर मिळतं ते मला पुढच्या पत्रात कळव.

राहिलं सीएनसी. जबड्यात कीसाचा बारीक तुकडा अडकला तर मशीन कितीही अचूक असू दे, जॉब (म्हणजे घडवायचा तुकडा) तिरकाच कापला जातो. मशीन आपला प्रोग्रॅम इमानाने पुरा करतं, त्याला काही कळत नाही. जॉब बाहेर काढून गुण्याखालचा उजेड बघणाऱ्याला कळतं. ते बघायला तू आत्ता शिकतोयस.

वेळ वाया जातोय का, याचं माझं माप सोपं आहे. तुझे उस्ताद दर वेळी गुण्या लावून बघतात. जो न बघताच ‘पुन्हा’ म्हणतो, किंवा न बघताच ‘ठीक आहे’ म्हणतो, त्याच्याकडे वेळ वाया जातो.

प्रश्न : मला शंका फार येतात. विचारलं की उस्ताद म्हणतात, ‘डोकं खाऊ नकोस.’ न विचारता शिकायचं कसं?

उत्तर : विचारता कधी? जॉब पकडणारा चक फिरतोय, टूल कट घेतोय आणि तुम्ही बाजूला उभं राहून ‘हे असं का?’ म्हणताय, तर मीही हेच म्हणालो असतो. मशीन थांबू द्या.

दुसरं, काय घेऊन विचारता? माझ्या बरोबरीने शिकणारा एक मुलगा होता. दोन सेंटरमध्ये (टोकांना आधार देणाऱ्या दोन टोकदार खुंट्यांमध्ये) धरून लांब, बारीक शाफ्ट टर्न करत होता. उस्तादांकडे गेला, ‘शाफ्ट मापात येत नाही, काय करू?’ उस्तादांनी मान वर न करता विचारलं, ‘कुठे जाड आहे?’ त्याला माहीत नव्हतं. उस्ताद पुन्हा आपल्या कामाला लागले. तो धुसफुसत परत आला, पण आल्यावर त्याने मायक्रोमीटर घेऊन दोन्ही टोकांना आणि मध्ये माप घेतलं. टोकं सारखी, मध्ये सहा शतांश मिलिमीटर जास्त. पुन्हा गेला आणि एवढंच सांगितलं. उस्ताद हातातलं काम ठेवून उठले, त्याच्या मशीनपर्यंत चालत आले आणि दोन वाक्यांत सगळं समजावलं : जॉब बारीक आहे, टोकांना सेंटरचा आधार आहे पण मध्ये तो टूलच्या जोराने मागे दबतो, म्हणून तिथे कमी कापला जातो. स्टेडी (मधला आधार) लाव आणि कट हलका घे.

हाच जॉब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकसारखा जाड होत गेला असता तर बहुधा टेलस्टॉक (चकच्या समोरच्या टोकाला आधार देणारा भाग) बाजूला सरकलेला निघाला असता. नुसत्या चकमध्ये धरला असता आणि मोकळ्या टोकाला जाड आला असता, तर जॉब चकच्या फार बाहेर काढला होता असं समजायचं. ‘मापात येत नाही’ या एकाच तक्रारीला ही तीन वेगळी उत्तरं आहेत. माप घेतल्याशिवाय उस्तादांनी तरी त्यातलं कुठलं द्यायचं?

काही बाबतींत मात्र विचारायचंच नाही, आधी ऐकायचं. चकची चावी चकमध्ये सोडायची नाही. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही. कीस हाताने ओढायचा नाही, आकड्याने ओढायचा, तोही मशीन थांबवून. यातलं काही उस्तादांनी ओरडून सांगितलं तर राग मानू नका. त्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं.

प्रश्न : वय त्रेचाळीस. नोकरी सोडून हे काम शिकायला आले. मला शिकवणारा मुलगा सव्वीसचा आहे. त्याला काय हाक मारावी इथपासून अडतंय. तोही मला चूक दाखवताना अवघडतो आणि मग माझा जॉब स्वतःच दुरुस्त करून टाकतो.

उत्तर : ताई, हाकेचं सोपं आहे. नावाने हाक मारा, पण ‘अहो’ म्हणा. तो तुम्हाला ‘ताई’ म्हणत असेल तर म्हणू द्या, त्याने काही बिघडत नाही.

जॉब दुरुस्त करून देतो ही मात्र मोठी अडचण आहे. त्याला तो आदर वाटत असेल, पण तुम्ही शिकायच्या तशाच राहता. पुढच्या वेळी तो हात पुढे करेल तेव्हा जॉब सोडूच नका. ‘कुठे ते दाखवा, करते मी,’ म्हणा. पहिल्यांदा दोघांनाही विचित्र वाटेल. आणि चूक ऐकताना लगेच खुलासा देऊ नका. ‘हो, पण माझ्याकडे टूलच तसं होतं’ हे वाक्य एकदा ऐकलं की भिडस्त मुलगा पुढची चूक गिळून टाकतो. तुमचं वय बघून तो आधीच अर्ध्या चुका गिळत असणार.

प्रश्न : मी व्हिडिओ बघून छोट्या लेथवर स्वतःच शिकतोय. पोलादाचा ५० मिलिमीटरचा जॉब अगदी मापात काढला, दुसऱ्या दिवशी तोच जॉब दीड-दोन शतांश कमी भरला. मायक्रोमीटर खराब आहे का? की यासाठीही मेंटॉर हवा?

उत्तर : मायक्रोमीटर बिचारा ठीक असणार. जॉब गरम होता. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरचा जॉब कटिंगमध्ये ३० अंशांनी तापला तर व्यास सुमारे १७ मायक्रॉन, म्हणजे पावणेदोन शतांश वाढतो. तापलेला असताना तुम्ही तो बरोबर मापात आणलात, रात्रीत तो थंड झाला. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असावं हे आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३१ साली ठरलं आणि १९५१ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेची पहिल्या क्रमांकाची शिफारस निघाली ती याच विषयावर. तुम्ही ज्यात अडकलात त्यात तुमच्या आधी बरेच जण अडकले होते.

व्हिडिओंना मी नावं ठेवत नाही. भागांची नावं, कामाचा क्रम, टूल कसं बांधायचं हे त्यात छान दिसतं, आणि हवं तितक्या वेळा मागे नेऊन बघता येतं. उस्तादाला मागे नेता येत नाही. पण व्हिडिओतला माणूस तुमचा जॉब बघत नाही. उस्ताद शेजारी असता तर जाता जाता बोटांची मागची बाजू जॉबला लावून म्हणाला असता, ‘थंड होऊ दे, मग माप.’ एवढ्यासाठीच तो हवा.

तसा माणूस जवळ नसेल तर जाणत्या कोणाला फोटो पाठवा. मात्र चकचकीत तयार जॉबचा फोटो पाठवून उपयोग नाही. कीसाचा पाठवा, टूलच्या टोकाचा पाठवा, कट घेतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधं लोखंड कापताना कीस निळा पडत असेल तर वेग जास्त आहे. (कार्बाइड या जास्त कठीण टूलला निळा कीस चालतो, तिथे घाबरू नका.) ५० मिलिमीटर व्यासाला, मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरला, तर फेरे १६०च्या आसपास येतात. तुम्ही किती ठेवले होते ते पत्रात लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे, बरेच जास्त.

प्रश्न : आमच्याकडे दोन पाळ्यांना दोन उस्ताद. एक म्हणतो टूल बरोबर सेंटरला (जॉबच्या मध्याच्या उंचीला) लाव, दुसरा म्हणतो किंचित वर ठेव. एकाचं ऐकलं की दुसरा चिडतो. कोणाचं खरं?

उत्तर : फेसिंग (जॉबचं तोंड सपाट कापणं) करून बघा. टूल सेंटरला नसेल तर जॉबच्या मधोमध बारीक टिंब शिल्लक राहतं, तिथे वादच नाही. आटे पाडतानाही सेंटरच. बाहेरून रफ कट घेताना मात्र किंचित वर ठेवणारे जुने टर्नर मी पाहिलेत, आणि त्यांचं काम चांगलं निघायचं. दोघेही कुठल्या कामाबद्दल बोलत होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित विचारलंही नसेल.

सरफेस प्लेट पहिल्यांदा सपाट कशी केली असेल, असा विचार केलाय कधी? ती तपासायला आधीची सपाट प्लेट कुठून आणायची? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोला यावर निबंध वाचला. दोन प्लेट एकमेकींना पूर्ण जुळल्या तरी त्या सपाट असतीलच असं नाही, कारण एकीला पोट आणि दुसरीला तेवढीच खळी असली तरी त्या जुळतात. तिसरी घ्यायची, तिघी आळीपाळीने एकमेकींवर तपासायच्या आणि उंच भाग खरवडत जायचं. तिघी तिघींना जुळल्या की सपाट. तुमच्याकडे दोन उस्ताद आहेत, तिसरी प्लेट म्हणजे जॉब. तोच जॉब एकदा या पद्धतीने, एकदा त्या पद्धतीने काढा, दोन्ही तुकडे शेजारी ठेवा आणि दोघांनाही दाखवा. चिडलेला उस्ताद तुकडा हातात आला की त्याकडे बघतोच. सवय असते.

प्रश्न : मी फोरमन आहे. मुलांना मनापासून शिकवतो, आणि तयार झाली की ती दुसरीकडे जातात. सहकारी म्हणतात, थोडं हातचं राखून शिकव. तुमचं मत?

उत्तर : अर्धवट शिकवलेला मुलगा सोडून जात नाही हे खरं आहे, पण त्याला दुसरं कोणी घेत नाही म्हणून तो जात नाही. असा माणूस तुम्हाला तरी मशीनवर हवा आहे का?

एक जुनी हकीकत सांगतो. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचे कुलूप बनवणारे होते. १७८४ साली त्यांनी पेटंट घेतलेलं कुलूप उघडणं भल्याभल्यांना जमत नव्हतं, पण ते बनवणंही तितकंच अवघड होतं. त्यांच्याकडे १७८९ मध्ये हेन्री मॉडस्ले नावाचा अठरा वर्षांचा मुलगा आला. कुलपाचे भाग झटपट आणि एकसारखे निघावेत म्हणून त्याने मशीनं बनवली, पुढे तो तिथला फोरमन झाला. त्याने आठवड्याच्या ३० शिलिंग पगारात वाढ मागितली, ब्रामांनी नकार दिला आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं. म्हणजे तो गेला तो सगळं शिकल्यामुळे नव्हे, पगार अडल्यामुळे. तुमची मुलं का जातात ते कधी त्यांना विचारलंय का? शिकवण्याचा दोष असेलच असं धरून चालू नका.

पुढे मॉडस्ले यांच्याकडे कोण कोण येऊन गेलं बघा. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमंट, वर आलेले जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ. सगळे सोडून गेले. क्लेमंट यांनी गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग घडवले, नॅस्मिथ यांनी वाफेचा हातोडा काढला, व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्याचं प्रमाण मांडलं. मॉडस्ले यांच्या वर्कशॉपमध्ये कारागिरांच्या बाकांवर सरफेस प्लेट ठेवलेल्या असत, ज्याने त्याने आपलं काम त्यावर लावून बघावं म्हणून. फोरमन यायची वाट बघायची गरज नाही. हातचं राखणाऱ्याच्या शॉपमध्ये अशी व्यवस्था सापडत नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, ‘चुकलं की मी लगेच करून दाखवतो.’ इथे जरा थांबा. एकदा नेहमीच्या वेगाने करून दाखवा, एकदा सावकाश, मग हात पाठीमागे बांधून उभे राहा. मुलगा हँडल चुकीच्या बाजूला फिरवायला लागला की तुमचे हात आपोआप पुढे येतील. धोका नसेल तर येऊ देऊ नका. क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) स्क्रूला ढिलाई असते, म्हणून माप नेहमी एकाच बाजूने गाठायचं, पुढे गेलं तर चांगलं मागे जाऊन पुन्हा यायचं, हे मुलाला तोंडी सांगून राहत नाही. डायलवर आकडा बरोबर आणि जॉबचं माप चूक असं एकदा त्याच्यासमोर झालं की राहतं. तुम्ही पटकन हँडल फिरवून दिलंत तर ते त्याच्यासमोर होणारच नाही. जॉब भंगारात जाईल, मान्य. शिकायला भंगारातलाच तुकडा द्या, म्हणजे मालकही ओरडणार नाही.

प्रश्न : उस्ताद सांगतात ते वहीत लिहून ठेवावं का? बाकीची मुलं हसतात.

उत्तर : हसू द्या. लिहा, पण उस्तादांची वाक्यं उतरवत बसू नका. जॉब काय होता, धातू कुठला, फेरे किती, फीड (दर फेऱ्याला टूल किती सरकतं ते) किती, डायलवर किती घेतलं आणि प्रत्यक्षात किती कापलं गेलं, ते लिहा. काही लेथवर डायलचा एक भाग म्हणजे व्यासातला फरक असतो, काहींवर त्रिज्येतला. तिथे ०.१ घेतलं की व्यास ०.२ ने उतरतो. तुमच्या मशीनचं जे असेल ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. उस्ताद काही बोलले असतील तर ते त्या जॉबच्या आकड्यांखाली लिहा, म्हणजे ते कशावरून बोलले ते नंतर कळतं.

वही जाड पुठ्ठ्याची घ्या आणि पेन्सिलीने लिहा. तेलकट हातांनी पेन नीट चालत नाही.